मडगार्डच्या आत साचलेला चिखल: व्हील वेलची घरच्या घरी पूर्ण सफाई

प्रश्न असा आहे: गाडी बाहेरून व्यवस्थित धुतली जाते, पण मडगार्डच्या आतला, चाकाच्या वरचा आणि मागचा भाग कायम मातकट राहतो. तो घरी साफ करता येतो का, त्यासाठी चाकं काढावी लागतात का, कोणतं केमिकल चालतं आणि तो भाग काळाभोर राहावा म्हणून शेवटी काय लावायचं?

घरी नक्की करता येतो. नेहमीच्या सफाईसाठी चाकं काढावी लागत नाहीत आणि केमिकलही साधंच लागतं. काळेपणाचा विचार मात्र सगळ्यात शेवटी करा. व्हील वेलमध्ये, म्हणजे मडगार्डखालच्या या पोकळीत, जी माती नजरेला दिसते तिच्याने गाडीचं फारसं बिघडत नाही. बिघडतं ते न दिसणाऱ्या दोन जागी. पहिली जागा म्हणजे मडगार्डची आत दुमडलेली कड. चाकावरच्या कमानीच्या काठावर पत्रा आतल्या बाजूला वळवलेला असतो, त्या दुमडीवर चिखलाची पट्टी बसते. दुसरी जागा लायनरच्या, म्हणजे कमानीच्या आत बसवलेल्या अस्तराच्या मागे, मडगार्डच्या खालच्या कोपऱ्यात, जिथे तो दाराखालच्या सिलला मिळतो. या दोन्ही ठिकाणी बसलेली माती गाडी उन्हात उभी असली तरी आतून दमट राहते. सुक्या मातीने पत्रा गंजत नाही, दमट मातीने गंजतो. त्यात समुद्राकाठच्या हवेतलं किंवा बर्फाळ रस्त्यावर टाकलेलं मीठ मिसळलं की गंज फार वेगाने पसरतो. कमानीच्या काठावर रंगाला फुगा आलेला दिसतो तेव्हा गंज बाहेरून आत चाललेला नसतो. तो आतून पत्रा खाऊन बाहेर पोचलेला असतो. म्हणून ही सफाई जमली की नाही हे चमक पाहून ठरवू नका, त्या दुमडीवर आतून बोट फिरवून ठरवा.

आधी आत काय आहे ते पाहा

टॉर्च घेऊन चारही कमानींत डोकावा. आत तीनपैकी एक प्रकार दिसेल, आणि प्रत्येकाची सफाई वेगळी आहे.

कडक प्लास्टिकचा काळा लायनर सर्वांत सोपा. तो पाणी शोषत नाही, ब्रश सहन करतो, केमिकलही सहन करतो. दुसरा प्रकार फेल्टचा, म्हणजे दाबलेल्या धाग्यांचा, जाड कापडासारखा. टायरचा आणि उडणाऱ्या खड्यांचा आवाज आत येऊ नये म्हणून तो बसवतात. बारीक माती धाग्यांत शिरून बसते, त्यामुळे तो करडा दिसतो, आणि वाळायला फार वेळ घेतो. तिसरा प्रकार म्हणजे उघडा पत्रा. त्यावर रंग, सांधे बुजवणारा सीलर किंवा अंडरकोट, म्हणजे रबरासारखा संरक्षक थर असतो. मागच्या चाकांच्या कमानी पुष्कळदा अशा असतात, पुढे लायनर असला तरीही. एकाच गाडीत पुढे प्लास्टिक, मागे फेल्ट आणि फेल्टच्या वर उघडा पत्रा असंही सापडतं, तेव्हा एक कमान पाहून चारही तशाच असतील असं धरून चालू नका.

लायनरच्या आतल्या बाजूला शॉकअब्सॉर्बर, स्प्रिंग, सस्पेन्शनचा खालचा आर्म, ब्रेकची रबरी नळी, एबीएस (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) सेन्सरची वायर, ड्राइव्ह शाफ्टचे आणि बॉल जॉइंटचे बूट, म्हणजे ग्रीस आत धरणारी रबरी आवरणं दिसतील. हे सगळं पाणी झेलण्यासाठीच बनवलेलं आहे, रस्त्यावर रोज झेलतं. पण रस्त्यावरचं पाणी आणि वीतभर अंतरावरून मारलेला प्रेशर वॉशरचा झोत यांत मोठा फरक आहे. झोत बुटाच्या क्लिपखाली शिरला की पाणी ग्रीसमध्ये जातं, आणि जॉइंट काही महिन्यांनी आवाज करू लागतो. तेव्हा धुण्याचा आणि आवाजाचा संबंध कुणाच्या लक्षातही येत नाही. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांत नारिंगी रंगाची जाड केबल दिसली तर तिच्यावर ब्रश नको, थेट झोतही नको.

सामान

पाण्याचा साधा पाइप आणि बऱ्या दाबाची नोझल पुरते. प्रेशर वॉशर असेल तर काम लवकर होतं. घरगुती इलेक्ट्रिक यंत्र साधारण १०० ते १३० बार दाबाचं असतं, ते भरपूर झालं. त्याला ४० अंशांची पांढरी किंवा २५ अंशांची हिरवी नोझल लावा. सुईसारखा झोत मारणारी लाल नोझल आणि गरगर फिरणारी टर्बो नोझल इथे वापरायचीच नाही. टायरच्या बाजूच्या भिंतीला तिने आतून इजा होऊ शकते आणि ती बाहेरून दिसत नाही.

ब्रश दोन हवेत. एक ३० ते ४५ सेंटिमीटर लांब दांड्याचा, मध्यम कडक केसांचा, शक्यतो डोकं थोडं वाकलेला. दुसरा लहान, बोटाएवढ्या रुंदीचा, खाचांसाठी. शिवाय कमानीच्या रंगीत काठासाठी एक जुना मायक्रोफायबर हातमोजा. हे तिन्ही पुन्हा कधीही बॉडीला किंवा रिमच्या पुढच्या भागाला लावायचे नाहीत. केसांत अडकलेली वाळू पुढच्या वेळी रंगावर रेघा मारते. ब्रशच्या दांड्यावर रंगीत टेप गुंडाळून ठेवा, म्हणजे घाईत अदलाबदल होत नाही.

केमिकल म्हणजे ऑल पर्पज क्लीनर, तेही अल्कधर्मी. नेहमीच्या मळाला १ भाग क्लीनर आणि १० भाग पाणी, म्हणजे १ लिटर पाण्यात १०० मिली. तेलकट, जुन्या थरासाठी १ ला ४, म्हणजे १ लिटरला २५० मिली. बाटलीवर वेगळं प्रमाण दिलं असेल तर ते पाळा. चार कमानींना दीड ते दोन लिटर तयार द्रावण पुरतं. ते हाताने पंप मारायच्या फवारणीच्या बाटलीत भरा. फेस करणारी नोझल मिळाली तर उत्तम, कारण फेस उभ्या भागावर टिकतो आणि द्रावणाला काम करायला वेळ मिळतो. क्लीनर नसेल तर कार शांपू थोडा दाट करूनही चालेल, फक्त घासणं वाढेल.

रॉकेल, डिझेल, पेट्रोल वापरायचं नाही. मळ लगेच सुटतो हे खरं, पण सस्पेन्शनचे बुश आणि ब्रेकच्या नळीचं रबर तेलाने फुगतं आणि मऊ पडतं. टॉयलेट किंवा फरशी साफ करायचं अ‍ॅसिडही नको. ब्रेकच्या नळीचे धातूचे जोड आणि नट त्याने काळे पडून गंजू लागतात.

हातात नायट्राइलचे मोजे आणि डोळ्यांवर गॉगल हवाच. ब्रश अडकून सुटला की चिखल सरळ तोंडावर येतो. सुकी ब्रेकची धूळ हवेने फुंकू नका, ती आधी ओली करा. जुन्या गाड्यांच्या ब्रेक पॅडमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं.

क्रम आणि पाणी

गाडी सपाट जागी सावलीत लावा, इंजिन बंद करा, हँडब्रेक ओढा, आणि गाडी गिअरमध्ये किंवा ऑटोमॅटिक असेल तर पी मध्ये ठेवा. नुकतीच चालवून आणली असेल तर अर्धा ते पाऊण तास थांबा. तापलेल्या डिस्कवर गार पाणी पडणं वाईट, आणि गरम भागावर क्लीनर काही सेकंदांत वाळून पांढरे डाग सोडतो.

व्हील वेल बॉडीच्या आधी धुवायचे, कारण इथला चिखल दारांवर आणि बंपरवर उडतो. एका चाकापाशीही हाच क्रम: आधी कमान, मग टायर, शेवटी रिम. रिम आधी चकचकीत केली की वरून ओघळणारी माती तिच्यावरच येते. क्लीनर एका वेळी एकाच कमानीला मारा, ती धुऊन झाली की मगच दुसरीकडे जा. चारही ठिकाणी एकदम क्लीनर मारून ठेवला तर शेवटची कमान येईपर्यंत पहिली वाळलेली असते.

पाण्याच्या बाबतीत बहुतेक जण घाई करतात. वाळून दगड झालेला चिखल पहिल्या झोताने निघत नाही, म्हणून माणूस नोझल जवळ नेतो, आणि नुकसान होतं ते तिथे. त्याऐवजी कमान साध्या पाण्याने ओली करून १० मिनिटं सोडून द्या, तेवढ्यात पुढची कमान भिजवा. मग पुन्हा ओली करा. दोनदा मुरलेला चिखल साध्या पाइपनेही ढिकळं होऊन पडतो. प्रेशर वॉशर असेल तर नोझल ३० सेंटिमीटरपेक्षा जवळ नेऊ नका, आणि झोत एका जागी धरून ठेवू नका, फिरता ठेवा. धुवायला वरून सुरुवात करा: आधी कमानीचं छत, मग पुढची आणि मागची भिंत, शेवटी खालचे कोपरे. काठावर पारदर्शक संरक्षक फिल्म लावलेली असेल तर झोत तिच्यावर सरळ मारा. तिरपा मारला तर कड उचलली जाते.

पुढच्या चाकांना स्टिअरिंगची मदत घ्या. स्टिअरिंग पूर्ण डावीकडे वळवलं की डाव्या कमानीचा मागचा भाग आणि उजव्या कमानीचा पुढचा भाग मोकळा होतो. पूर्ण उजवीकडे वळवलं की उलट. म्हणजे पुढच्या दोन्ही कमानी दोन टप्प्यांत करायच्या, मध्ये एकदा गाडी सुरू करून स्टिअरिंग फिरवायचं. एवढं केलं तर पुढचं चाक काढण्याची गरज सहसा पडत नाही. मागची चाकं वळत नाहीत, म्हणून तिथे लांब दांड्याचा ब्रशच कामाचा. गाडी अर्धं चाक पुढे ढकलल्याने कमानीत काही फरक पडत नाही, पण रिमच्या आतली लपलेली बाजू समोर येते, ती त्याच वेळी उरकून घ्या.

घासणं

पहिल्या धुण्यानंतर पाणी मिनिटभर निथळू द्या, नाहीतर क्लीनर आणखी पातळ होतो. फवारा खालून वर मारत जा, कारण वरून मारलेला क्लीनर मळक्या भागावर ओघळून पट्टे पाडतो आणि ते पट्टे नंतर दिसत राहतात. ३ ते ५ मिनिटं थांबा. फेस तपकिरी होऊन ओघळू लागला की घासायला घ्या. वाळतोय असं वाटलं तर पाण्याचा हलका शिडकावा द्या. क्लीनर वाळू देणं ही या कामातली सर्वांत महागात पडणारी चूक आहे. प्लास्टिकवर खडूसारखा पांढुरका थर राहतो, आणि ब्रेकच्या अ‍ॅल्युमिनियमच्या कॅलिपरवर किंवा सस्पेन्शनच्या आर्मवर करडे डाग पडतात ते सहजी जात नाहीत.

प्लास्टिक लायनरवर ब्रश गोल फिरवण्यापेक्षा लायनरच्या चरांच्या दिशेने पुढे-मागे चालवा. क्लिपांभोवती आणि स्क्रूच्या खड्ड्यांत लहान ब्रश. मग खरी जागा, म्हणजे दुमड. इथे ब्रश पोचतो पण माती काढत नाही, नुसती सारवतो. मोजा घातलेलं बोट किंवा प्लास्टिकची बोथट पट्टी कमानीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आतून ओढत न्या, मग पाणी मारा, पुन्हा बोट फिरवा. खरखर पूर्ण थांबेपर्यंत हे करायचं. धातूची पट्टी किंवा स्क्रूड्रायव्हर वापरला तर तिथला रंग आणि सीलर खरवडला जातो, आणि जो गंज टाळायचा होता त्याला आपणच वाट करून देतो. काही मॉडेलमध्ये लायनर काठाला चिकटून बसलेला असतो आणि दुमड झाकलेली असते. तिथे झोत खालून वर, लायनर आणि पत्रा यांच्या फटीत हलक्या दाबाने सोडा आणि खालच्या टोकातून स्वच्छ पाणी येईपर्यंत सोडत राहा. सुरुवातीला जे गढूळ पाणी येतं ते पाहिलं की नुसतं बाहेरून धुणं का पुरत नाही हे कळतं.

काठाच्या बाहेरच्या, रंगीत बाजूला कडक ब्रश अजिबात लावू नका. तिथे शांपू आणि हातमोजा.

फेल्टच्या लायनरला वेगळी शिस्त. झोत लांबून, ४० ते ५० सेंटिमीटरवरून मारा आणि दाब कमी ठेवा. जवळून मारलेला झोत धागे उपसतो, आणि एकदा पिसारलेलं फेल्ट माती आणखी धरतं. क्लीनर पातळ, १ ला १५ किंवा २०. फेल्ट जितकं केमिकल पितं तितकं नंतर धुऊन काढावं लागतं. उरलेला साबण चिकट होऊन धूळ ओढतो. ब्रश एकाच दिशेने चालवा. पाणी ओढणारा व्हॅक्यूम असेल तर शेवटी त्याने ओढून घ्या, निम्मं काम तिथेच होतं. फेल्ट पुन्हा नव्यासारखं काळं होण्याची अपेक्षा मात्र ठेवू नका. एकसारखं करडं आणि हाताला मोकळं लागलं की ते स्वच्छ झालं. पूर्ण वाळल्यावर कोरड्या ब्रशने झटकलं की उरलेली बारीक माती पडते.

उघड्या पत्र्यावर ब्रश मऊ हवा आणि डोळे उघडे हवेत. अंडरकोट कुठे तडकलाय, कुठे पोपडा सुटलाय ते पाहा. सुटलेला पोपडा दिसायला निरुपद्रवी असतो, पण पाणी त्याच्या मागे जाऊन बसतं आणि बाहेर येत नाही. अंडरकोट नसलेल्या जागेपेक्षा सुटलेल्या अंडरकोटखालची जागा आधी सडते.

शेवटचं धुणं भरपूर पाण्याने, वरून खाली, फेस पूर्ण जाईपर्यंत. ब्रेकच्या भागांवरून साधं पाणी नीट वाहू द्या. मागे ड्रम ब्रेक असतील तर ड्रमच्या मागच्या पत्र्यातल्या भोकांत झोत मारू नका.

डांबर आणि ब्रेकची धूळ

डांबराचे काळे ठिपके क्लीनरने जात नाहीत, त्याला टार रिमूव्हर लागतो. कापडावर घेऊन ठिपक्यावर अर्धा मिनिट दाबून धरा आणि पुसा. सगळीकडे फवारायचा नाही, याला दोन कारणं आहेत. पुष्कळ अंडरकोट स्वतःच बिटुमेनचे, म्हणजे डांबराच्याच कुळातले असतात. रिमूव्हर त्यांनाही विरघळवतो. पुसताना कापडावर तपकिरी-काळा रंग येतच राहिला तर समजा की आता मळ नाही, संरक्षक थर निघतोय, आणि तिथेच थांबा. दुसरं कारण, रिमच्या आत चिकटवलेली बॅलन्सिंगची वजनं. त्यांच्या टेपचा गोंद रिमूव्हरने सुटतो, वजन पडतं आणि ताशी ८० किलोमीटरच्या पुढे स्टिअरिंग थरथरू लागतं.

ब्रेकच्या धुळीसाठीचा आयर्न रिमूव्हर रिमवर आणि रंगवलेल्या पत्र्यावर उपयोगी आहे, प्लास्टिक लायनरवर त्याचा फारसा फायदा नाही. लोखंडाच्या कणांशी संयोग झाला की तो जांभळा होतो. पण ब्रेकची डिस्क बिडाचीच असते, त्यामुळे तिच्यावर थेंब पडले की तीही जांभळी ओघळते. तो मळ नव्हे. रंग येतोय म्हणून पुन्हा पुन्हा मारत बसू नका. ३ ते ४ मिनिटांत धुऊन टाका. वास उग्र असतो, काम उघड्यावरच करा.

चाक आणि लायनर कधी काढायचा

वर्षातून एकदा, किंवा पावसाचा लांब हंगाम संपल्यावर, चाकं काढून सफाई केली तर चांगलं. जुनी गाडी घेतली असेल तर पहिल्याच महिन्यात करा.

चाक जमिनीवर असतानाच नट पाव ते अर्धा फेरा सैल करा. तिरक्या समोरच्या कोपऱ्यातल्या चाकाला पुढून-मागून ठोकळे लावा. जॅक फक्त मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागी. गाडी उचलली की लगेच खाली जॅक स्टँड लावा आणि भार त्यावर घ्या. गाडीसोबत येणारा कात्रीचा जॅक पंक्चर काढण्यापुरता असतो, त्याच्या भरवशावर कमानीत हात-डोकं घालायचं नाही. काढलेलं चाक सिलखाली आडवं सरकवून ठेवा, स्टँड सरकलाच तर गाडी त्यावर बसेल. ओल्या, साबणाच्या फरशीवर स्टँड घसरू शकतो, म्हणून ही सफाई कमी पाण्यात, बादली आणि फवाऱ्याने करा आणि प्रेशर वॉशरचं काम चाक बसवून झाल्यावर करा.

लायनर पुश क्लिपांनी आणि काही स्क्रूंनी धरलेला असतो, बहुधा टॉर्क्स टी २० किंवा टी २५, कधी १० चा बोल्ट. क्लिपची मधली पिन आधी चपट्या अवजाराने उचला, मग पूर्ण क्लिप ओढा. पिन न उचलता ओढली तर तुटते. जुन्या क्लिपा तशाही दोन-चार तुटतात, म्हणून त्याच मापाच्या सहा क्लिपा आधी आणून ठेवा. लायनर पूर्ण काढायची गरज नसते. मागची बाजू मोकळी करून पुढे वाकवला की मडगार्डचा खालचा कोपरा दिसतो. तिथे ओल्या मातीचा आणि कुजलेल्या पानांचा गोळा सापडण्याची शक्यता मोठी आहे, कारण पुढच्या काचेखालच्या जाळीतून आलेलं पाणी अनेक गाड्यांत याच वाटेने उतरतं. तो आधी हाताने काढा. त्यावर पाणी मारलं तर चिखल होऊन आणखी आत जातो. माती निघाली की निचऱ्याची भोकं प्लास्टिकच्या काडीने मोकळी करा आणि हलक्या पाण्याने धुवा. पुढच्या लायनरमागे हॉर्न, फॉग लॅम्प आणि हेडलाइटच्या मागचे कनेक्टर असतात, तिकडे झोत नको. मागच्या एका कमानीत लायनरमागून इंधन भरायची नळी खाली जाते. ती पोलादी असेल तर तिच्याभोवतीची माती आवर्जून काढा. ती नळी गंजून गळू लागली की दुरुस्ती साधी राहत नाही.

चाक काढलेलंच आहे तर पाच मिनिटं पाहणीला द्या. रिमच्या आतल्या बाजूला ग्रीसचा गोल पट्टा दिसला तर ड्राइव्ह शाफ्टचा बूट फाटलाय. शॉकअब्सॉर्बरवर तेलात भिजलेली धूळ असेल तर तो गळतोय. ब्रेकच्या नळीला वाकवल्यावर चिरा दिसतात का, लायनरवर कुठे घासून चकाकी आली आहे का, टायरची आतली कड जास्त झिजली आहे का, तेही पाहा. चिखलाखाली यातलं काहीच दिसत नाही.

चाक बसवताना हबची, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाची सपाट बाजू तारेच्या ब्रशने साफ करा, नटांच्या आट्यांना तेल-ग्रीस लावू नका, आणि नट ताऱ्याच्या आकारात, समोरासमोर आवळत न्या. टॉर्क, म्हणजे नट किती जोराने आवळायचे ते, मॅन्युअलमध्ये असतो, अनेक प्रवासी गाड्यांना १०० ते १२० न्यूटन मीटरच्या आसपास. ५० ते १०० किलोमीटर चालल्यावर पुन्हा एकदा तपासा.

गंज दिसला तर

वरवरचा गंज घरी आटोक्यात येतो. जागा पूर्ण वाळू द्या, सुटलेला अंडरकोट आणि पोपडे खरवडा, ८० नंबरच्या पॉलिश पेपरने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासा, मग १८० ने कडा उतरत्या करा. खड्ड्यांत उरलेल्या गंजाला रस्ट कन्व्हर्टर लावा. तो गंजावरच काम करतो, स्वच्छ पत्र्यावर त्याचा उपयोग नाही. डबीवर लिहिलेला वेळ थांबा, मग एपॉक्सी प्रायमरचे दोन पातळ हात, आणि तो वाळल्यावर दगडाचा मार सोसणारा स्टोनचिप कोट. मास्क लावा, आणि डिस्क व कॅलिपर प्लास्टिकने गुंडाळा. निचऱ्याचं एकही भोक कोटने बुजू देऊ नका. दुमडीत आणि सिलच्या पोकळीत कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे पोकळ्यांसाठीचं मेण, बारीक नळीने सोडता येतं. ते भेगांत झिरपतं आणि तडकत नाही. टोचलं की पत्रा आत जातोय किंवा भोक पडलंय, तर वरून काहीही लावू नका. तो पत्रा कापून वेल्डिंग करणाऱ्याचं काम आहे. ओल्या किंवा गंजलेल्या पत्र्यावर अंडरकोट मारणं म्हणजे गंजाला झाकण घालून वाढायला सोडणं.

वाळवणं आणि ड्रेसिंग

ब्लोअर असेल तर दुमडीतून आणि क्लिपांमधून पाणी उडवा. नसेल तर १० मिनिटं गाडी हळू चालवून आणा आणि अधूनमधून ब्रेक लावा, म्हणजे डिस्क वाळतात. धुऊन लगेच हँडब्रेक ओढून गाडी दोन-तीन दिवस उभी ठेवली तर पॅड किंवा ड्रमचे शू चिकटतात.

ड्रेसिंग, म्हणजे काळेपणा देणारं लेपन, फक्त प्लास्टिक लायनरला, आणि पाण्यावर आधारित, दुधासारखं पांढरं दिसणारं. १ ला १ पातळ करून स्पंजने किंवा कापडाने लावा, २० मिनिटांनी जास्तीचं पुसून घ्या. फवारा मारायचाच असेल तर डिस्क झाका. डिस्कवर किंवा पॅडवर ड्रेसिंगमधलं सिलिकॉन गेलं तर ब्रेक धरत नाहीत, आणि पॅडमध्ये मुरलेलं सिलिकॉन निघत नाही, पॅड बदलावे लागतात. टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या भागावरही ते नको. तेलकट, खूप चमकणारं ड्रेसिंग पहिल्या दिवशी छान दिसतं आणि आठवड्यात धुळीचा लेप धरतं. पाण्यावरचं मॅट राहतं आणि पुढच्या वेळी चिखल त्यावरून लवकर सुटतो. फेल्टला ड्रेसिंग लावू नका, हवं तर पूर्ण वाळल्यावर कापडासाठीचा पाणी झटकणारा स्प्रे मारा. उघड्या पत्र्याला कॅव्हिटी वॅक्स किंवा अंडरकोटच बरा.

सफाईनंतर काही वेगळं जाणवलं तर

चाकातून खरखर किंवा कर्कश घासण्याचा आवाज आला तर बहुधा डिस्क आणि तिच्यामागच्या पातळ पत्र्यात खडा अडकलाय, किंवा ब्रशने तो पत्रा किंचित वाकलाय. गाडी हळू मागे-पुढे केली की खडा पुष्कळदा पडतो. पत्रा वाकला असेल तर चाक काढून हाताने मागे सारा.

स्टिअरिंग थरथरत असेल तर रिमच्या आत एका बाजूला चिखल उरलाय का ते पाहा. मूठभर ओली मातीही तोल बिघडवायला पुरते. रिम स्वच्छ असूनही थरथर असेल तर वजन पडलंय, बॅलन्सिंग करून घ्या. वेगात फडफड ऐकू आली तर लायनरची क्लिप निसटली आहे. हे टाळू नका, सुटलेला लायनर टायरला लागून फाटतो आणि चाकात ओढला जातो. एबीएसचा दिवा लागला तर सेन्सरची वायर ब्रशने ओढली गेली का आणि कनेक्टर नीट बसलाय का ते तपासा. ब्रेक दाबल्यावर पहिल्या एक-दोन वेळा डिस्कवरचा ओलाव्याचा गंज घासला जातो, तो आवाज लगेच थांबतो. थांबला नाही, किंवा ब्रेक नेहमीपेक्षा कमी धरतोय असं वाटलं, तर गाडी पुढे न नेता पॅडवर काही गेलंय का ते आधी पाहून घ्या.